पट घटला म्हणून शाळा बंद करण्याआधी आमचे जिने चढून बघा

प्रति,
महापौर, नगररचना विभागाचे अधिकारी आणि वारसा जतन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या चौकातल्या शाळेच्या फाटकावर एक सूचना लागली. पटसंख्या घटल्यामुळे ही शाळा पुढच्या वर्षीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत विलीन होणार. मोकळ्या होणाऱ्या जुन्या वास्तूत पर्यटकांसाठी निवास होणार. आणि त्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी समोरच्या चौकात वाहनतळ होणार. हरकती नोंदवायला ३० दिवस दिले आहेत. माझ्या धाकटीने ती सूचना अक्षरं जुळवत वाचली आणि विचारलं, "विलीन म्हणजे आपण कुठे जायचं?" तिला मी काहीतरी सांगून वेळ निभावली. तुम्हाला मात्र नीट विचारायचं आहे, आणि सगळ्यांसमोर विचारायचं आहे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी या भागात बावीस वर्षं राहते. आमची इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे, घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दोन्ही मुलं इथेच लहानाची मोठी होत आहेत, आणि माझी आई दोन गल्ल्या सोडून राहते. मुलं झाल्यावर अनेकांनी आम्हाला समजावलं, की आता नव्या वसाहतीत जा, तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, गाडी लावायला जागा आहे. आम्ही गेलो नाही. केवळ जुन्या दगडांच्या प्रेमापोटी कोणी बाबागाडी खांद्यावर घेऊन चार जिने चढत नाही. आम्ही राहिलो कारण मूल वाढवायला याहून चांगली जागा आम्हाला दिसली नाही.

ती चांगली का, हे तुमच्या कुठल्याच अहवालात मला सापडलं नाही, म्हणून सांगते. या गल्ल्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधी आखलेल्या आहेत. पायी चालणाऱ्याला पुरेल एवढीच त्यांची रुंदी. वळणं इतकी जवळजवळ, की वाहनाला वेग घेताच येत नाही. घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात आणि तळमजल्यावर दिवसभर कोणी ना कोणी काम करत बसलेलं असतं, त्यामुळे मूल घरातून निघून शाळेत पोहोचेपर्यंत दहा-बारा ओळखीच्या नजरांखालून जातं. ही राखण कोणी नेमलेली नाही, तिला पगार नाही. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मी हाक मारली तर ती चौकात ऐकू जाते आणि खालून वर बघणाऱ्या मुलीचा चेहरा मला ओळखता येतो. शाळा, वाचनालय, डॉक्टर, आजी, सगळं चालत दहा मिनिटांच्या आत. माझा मुलगा नवव्या वर्षी एकटा वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आणू लागला. नव्या वसाहतीत गेलेल्या त्याच्या मित्राला बाराव्या वर्षीही कोणीतरी गाडीने सोडावं लागतं. या एका फरकासाठी मी आणखी चार मजले चढेन.

आता तुमच्या सूचनेतल्या पहिल्याच शब्दाकडे येते. पटसंख्या.

आमच्या जिन्यात नऊ घरं आहेत. आम्ही आलो तेव्हा नऊही घरांत माणसं राहत होती आणि त्यातल्या सहा घरांत मुलं होती. आज चार घरांत माणसं राहतात. उरलेल्या पाच दारांवर आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या लटकल्या आहेत. कोणी दोन रात्रींसाठी येतं, पेटीतून किल्ली घेतं, जाताना परत ठेवतं. येणाऱ्या पाहुण्यांशी माझं भांडण नाही. पण या पाच घरांपैकी प्रत्येकाला रात्रीच्या भाड्याने देण्याचा परवाना मिळाला, आणि तो देणाऱ्या कार्यालयाने या जिन्यात, या गल्लीत असे किती परवाने आधीच दिले आहेत, हे एकदाही मोजलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरं रिकामी करायला मुभा द्यायची, मग शाळेत मुलं नाहीत म्हणून शाळा बंद करायची, आणि त्या शाळेचंही पाहुण्यांसाठी निवास करायचं. शाळा गेली की उरलेल्या चार घरांतली दोन तरी जातील. माझंही त्यात असू शकतं, हे मी खोटं न बोलता सांगते, कारण लहान मुलीला रोज बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्याची माझी तयारी नाही.

हे कुठवर जाऊ शकतं ते बघायला फार कल्पना लढवावी लागत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. राजवाडे जागच्या जागी आहेत, पूल जागच्या जागी आहेत, कालव्यांवर कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या लोकांची गर्दी आहे. राहणारे गेले. त्यामागे पर्यटन हे एकच कारण नव्हतं. ओल, पूर, महागाई, मुख्य भूमीवरचे रोजगार आणि सोयीची घरं, सगळ्यांनी मिळून ते केलं. पण राहण्याची घरं एकदा पाहुण्यांच्या हिशेबात गेली की परत आणणं किती अवघड असतं, हे त्या शहराकडून शिकता येतं.

इतर शहरांनी हातावर हात ठेवलेले नाहीत. अ‍ॅम्स्टरडॅमने २०१९ पासून राहतं घर वर्षातून जास्तीत जास्त ३० रात्रीच पर्यटकांना देता येईल अशी मर्यादा घातली, आधी ती ६० रात्रींची होती. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक सदनिकांच्या परवान्यांचं २०२८ नंतर नूतनीकरण होणार नाही. हे उपाय योग्य की जास्त कडक, यावर वाद होऊ शकतो. पण त्या शहरांनी निदान मोजलं. आमच्या शहराकडे आमच्या गल्लीचा आकडाच नाही.

दुसरी गोष्ट चौकाची. तुमच्या आराखड्यात त्याला 'वापरात नसलेली मोकळी जागा' असं नाव दिलेलं आहे. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत तिथे किती मुलं असतात हे बघायला तुमच्यापैकी एकजण जरी आला असता, तरी हे शब्द कागदावर उतरले नसते. तिथे झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, कुंपण नाही. एक कोरडं कारंजं आहे, तीन पायऱ्या आहेत आणि एक मोठं झाड आहे. मुलांना तेवढं पुरतं. पायऱ्यांवरून उड्या मारतात, कारंज्याच्या कठड्यावर तोल सांभाळत फिरतात, आणि झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकतात. माझ्या मुलाला या भागाचा जेवढा इतिहास माहीत आहे तो त्या झाडाखालचा आहे.

आल्डो व्हान आइक नावाच्या वास्तुविशारदाने अ‍ॅम्स्टरडॅममध्ये नेमक्या अशाच जागा हेरल्या होत्या. १९४७ पासून १९७८ पर्यंत त्या शहरात त्याने आखलेल्या सातशेहून अधिक खेळाच्या जागा तयार झाल्या. रिकामे पडलेले भूखंड, रुंद पदपथ, दुर्लक्षित चौक. तिथे वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला सिमेंटचे ठोकळे आणि बसायला बाकं, एवढंच. कितीतरी जागा रहिवाशांनी पालिकेला पत्र लिहून मागून घेतलेल्या होत्या. तिथे पत्रामुळे चौक मुलांना मिळाले. आमच्याकडे असलेला चौक राखण्यासाठी पत्र लिहावं लागतंय.

वाहनतळ म्हणजे काही नुसत्या उभ्या गाड्या नव्हेत. गाडी लावायला आधी ती आत येते, जागा शोधत फिरते, मागे घेते. तीन वर्षांचं निरोगी मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं. उभ्या गाड्यांच्या रांगेत ते मूल चालकाला दिसत नाही आणि त्या मुलालाही समोरचा रस्ता दिसत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते, ३० च्या वेगाची आठ मीटरच्या थोडी वर. आमच्या गल्लीची रुंदी पाच मीटर आहे. हे गणित तुमच्या वाहतूक तज्ज्ञांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी आराखड्यात वेगमर्यादेचा एक शब्द नाही.

आणि धोका फक्त अपघाताचा नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या दिसणाऱ्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला. एकावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सर्वाधिक वर्दळीच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नव्हता. आपलं घर कुठवर वाटतं ते नकाशावर दाखवायला सांगितल्यावर शांत रस्त्यावरच्यांनी सगळी गल्ली आपली म्हणून दाखवली, वर्दळीच्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीपुरते आक्रसले होते. मघाशी ज्या ओळखीच्या नजरा म्हटलं, त्या अशा कमी होत जातात. त्या गेल्या की कुठलीच आई नऊ वर्षांच्या मुलाला एकटं वाचनालयात पाठवणार नाही.

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज या जुन्या वस्तीतली हकीकत तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. तिथल्या वॉशिंग्टन स्क्वेअर या उद्यानातून मोठा रस्ता काढायचा बेत रॉबर्ट मोझेस या त्या काळच्या अत्यंत बलाढ्य अधिकाऱ्याने केला होता. १९५२ मध्ये शर्ली हेज या चार मुलांच्या आईने शेजाऱ्यांना जमवून विरोध सुरू केला. सहा वर्षं त्या लोकांनी सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना गेले, बाबागाड्या घेऊन उभे राहिले. १९५८ मध्ये उद्यान मोटारींना बंद झालं. तसं केलं तर आजूबाजूचे रस्ते तुंबतील, असं सांगितलं जात होतं. तसं काही घडलं नाही. ग्रिनिच व्हिलेजला ऐतिहासिक भागाचा दर्जा मिळाला तो १९६९ मध्ये. म्हणजे मुलांची जागा आधी वाचली आणि वारशाचा शिक्का अकरा वर्षांनी लागला. वारसा समितीच्या सदस्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा असं मला फार वाटतं.

घरांच्या दुरुस्तीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यावर आधी तीन अर्ज दिलेले आहेत. मुलांच्या खोलीची खिडकी कुजली होती. मूळ नमुन्यासारखीच लाकडी खिडकी बसवायची परवानगी मागितली, ती चौदा महिन्यांनी मिळाली. दोन पावसाळे त्या खोलीत ओल राहिली आणि मुलीचा खोकला हटला नाही. मूळ नमुन्याचीच खिडकी हवी, हा तुमचा नियम मला मान्य आहे. पण नियम करणाऱ्यांनी वेळेत उत्तर द्यायला हवं. शिवाय जुन्या रंगात बऱ्याचदा शिसं असतं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्येच बंदी घातली, आणि लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. तुमच्या परवानगीपत्रात कोणत्या छटेचा रंग लावावा यावर अर्धं पान आहे. जुना रंग मुलांना धोका न होता कसा काढावा यावर एक ओळ नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतींना कंत्राटदार सिमेंटचा गिलावा करतात, मग भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. हे सांगणारं, मार्गदर्शन करणारं कोणी आमच्याकडे कधी आलं नाही.

सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली आहे. त्या वेळी आईवडील कामावर असतात आणि मुलं शाळेत. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं ३१ वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं आणि १२ वं कलम त्यांच्याविषयीच्या निर्णयात त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं. शाळा आणि चौक यांच्याइतका मुलांविषयीचा दुसरा निर्णय कोणता असेल?

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. जुन्या इमारती सांभाळायला पैसा लागतो आणि पर्यटनातून तो येतो. अर्धी रिकामी शाळा चालवणं महाग पडतं. काही कुटुंबं स्वतःहूनही गेली, जिने झेपेनात म्हणून किंवा मोठं घर हवं म्हणून. त्यांना कोणी हाकललं नाही. पण इटलीतल्या बोलोन्या शहरासमोरही हेच प्रश्न होते. १९७३ मध्ये त्या शहराने सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा गावाबाहेरच्या नव्या इमारतींऐवजी जुन्या शहरातली घरं दुरुस्त करायला वळवला. वास्तुविशारद पिएर लुइजी चेर्वेल्लाती त्या कामाच्या अग्रभागी होते. इमारतींबरोबर तिथे राहणाऱ्या सामान्य माणसांनाही राखायचं, हे त्या योजनेचं सूत्रच होतं. ती योजना मनात होती तेवढी मोठी झाली नाही, तरी तिचा धडा जगभर शिकवला जातो. तुमच्या समितीतल्या वास्तुविशारदांनीही तो शिकताना वाचला असेल. ऐतिहासिक शहरांच्या जतनाविषयीची १९८७ ची आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन सनदही वाचली असेल. ऐतिहासिक शहरांचं जतन हा सर्वांत आधी तिथल्या रहिवाशांचा विषय आहे, घरांची सुधारणा हे जतनाच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक असावं, आणि वाहतुकीवर नियंत्रण हवं, असं ती सनद सांगते. मी तुमच्याकडे तुमच्याच क्षेत्राच्या नियमांपलीकडचं काही मागत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. शाळा विलीन करण्याचा निर्णय तीन वर्षं स्थगित करा. त्या काळात या भागातली राहती घरं, रिकामी घरं आणि रात्रीच्या भाड्याची घरं एकेक जिना चढून मोजा आणि आकडे जाहीर करा. मोजणी होईपर्यंत नवा एकही अल्पमुदतीचा परवाना देऊ नका, आणि नंतर प्रत्येक इमारतीसाठी मर्यादा ठरवा. शाळेतले रिकामे वर्ग सांभाळणं जड जात असेल तर तिथे पाळणाघर चालवा, संध्याकाळी वाचनालयाची अभ्यासिका चालवा, म्हणजे इमारत वापरात राहील आणि खर्चही वाटला जाईल. चौकातला वाहनतळ रद्द करा, या गल्ल्यांत ताशी २० किलोमीटरची मर्यादा लावा, आणि शाळा भरताना व सुटताना अर्धा-अर्धा तास वाहनं बंद ठेवा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी आणि रुग्णवाहिकेसाठी वाट अर्थातच मोकळी राहिली पाहिजे. दुरुस्तीच्या अर्जाला ३० दिवसांत लेखी उत्तर द्या, आम्हाला हरकतींसाठी तुम्ही तेवढेच दिवस दिले आहेत. परवानगीपत्रासोबत शिशाच्या रंगाबद्दल आणि चुन्याच्या गिलाव्याबद्दल माहिती द्या. वारसा जतन समितीवर या भागात राहणाऱ्या दोन पालकांना घ्या. आणि सुनावणी एखाद्या सुट्टीच्या दिवशी, शाळेच्याच सभागृहात ठेवा, म्हणजे मुलांनाही बोलता येईल.

त्याआधी एक विनंती आहे. कुठल्याही दिवशी शाळा सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी चौकात या. मी फाटकाशी उभी असते. आपण मुलांच्या मागोमाग चालू, आमच्या जिन्याची नऊ दारं बघू, आणि मग तुम्ही तुमच्या आराखड्यातले ते 'वापरात नसलेली' हे शब्द ठेवायचे की खोडायचे ते ठरवा.

लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
शाळेसमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी एक आई

ता. क. कारंज्याजवळचा दिवा पाच महिने बंद आहे. मुलं संध्याकाळी त्याच बाजूने घरी परततात. तो या आठवड्यात लावून दिला तर फार उपकार होतील.